निर्धूर नामदेव

आमचे नामदेवभावजी कुणाच्याही घरी गेले की आधी छताकडं बघायचे, माणसांकडं नंतर. घरधनी "या, बसा" म्हणत सतरंजी झटकतोय, घरातली बाई पाण्याचा तांब्या घेऊन आलीय, आणि हा गृहस्थ मान मागं टाकून तुळया न्याहाळतोय. टोपी पडायची. ती उचलायची, डोक्यावर नीट बसवायची, आणि मग त्यांचं पहिलं वाक्य यायचं : "लई धूर खाल्लाय घरानं."

आता आपल्या दारात येऊन कुणी असं म्हणालं तर कसं वाटेल तुम्हाला? पण दुसऱ्याला काय वाटेल हा विचार भावजींच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. तिथं सगळा धूरच भरलेला.

एकदा आम्ही शेजारच्या गावी दुखवट्याला गेलो होतो. घरातलं कर्तं माणूस गेलेलं. बायका गळ्यात पडून रडतायत, पुरुष खाली माना घालून बसलेत, आणि भावजी वर टक लावून. एक आजी माझ्या कानाशी लागली, "बघ बाई, किती हळवा माणूस. डोळ्यातलं पाणी सांडू नये म्हून वर बघू राह्यला." मलाही क्षणभर तसंच वाटलं. बाहेर आलो, चपला घातल्या, आणि भावजी हळूच म्हणाले, "वैनी, त्या मधल्या तुळईच्या बाजूनं झकास पाइप निघंल."

नामदेवभावजी म्हणजे माझे चुलत दीर. आमचं गाव भोकरदनच्या अलीकडं, आणि गावात आमची दोन घरं भिंतीला भिंत लागून. मधल्या भिंतीला एक झरोका होता. त्यातून वाटीभर साखर, काडीपेटी आणि बातम्या इकडून तिकडं जायच्या. त्यांची बायको लवकर गेली. लेक शेवंता तेव्हा नुकती पावलं टाकायला लागली होती. दुसरं लग्न करा म्हणून सगळे मागं लागले. ते "करतो, करतो" म्हणाले आणि भाकरी करायला शिकले.

त्या काळात चुलीपुढं बसलेला पुरुष म्हणजे गावाला तमाशाच. पोरं दारातून वाकून बघायची. भावजींच्या पहिल्या पहिल्या भाकऱ्या बैलानं खाल्ल्या, त्यानंही मान हलवत. मी झरोक्यातून सांगायची, "पाणी जास्त झालं, भावजी." पलीकडून उत्तर यायचं, "पाणी बराबर हाय, वैनी. ज्वारीच येडी हाय." धुरानं डोळे लाल, नाक वाहतंय, मांडीवर पोर. पण शिकले. पुढं शेवंता मोठी झाली आणि चुलीपुढची जागा तिनं घेतली. तरी भावजी तिथंच शेजारी बसून कापसाची वाळकी पऱ्हाटी मोडून द्यायचे. बापलेकीच्या गप्पा चुलीशीच व्हायच्या. सगळं आम्हाला झरोक्यातून ऐकू यायचं.

शेवंताला टेंभुर्णीच्या पलीकडच्या एका खेड्यात दिली. व्याही दौलतराव. घर मोठं, जमीन काळी, विहिरीला पाणी. भावजींनी सगळं पाहिलं. बैल पाहिले, कडब्याची गंज पाहिली, जावयाचे दातसुद्धा पाहिले असतील. फक्त स्वयंपाकघर पाहिलं नाही. मुलीच्या बापाला ते कोण दाखवतं? ते होतं मधल्या अंधाऱ्या खोलीत, वर मातीचं माळवद, खिडकी नाही, उजेडापुरतं भिंतीत वर एक मुठीएवढं भोक. चूल पेटली की शेजारी बसलेलं माणूस दिसायचं नाही.

लग्नानंतर वर्षभरात पोर खोकायला लागली. साधा खोकला नव्हे, वाकून धरायची. दिवाळीला माहेरी आली, महिनाभर राहिली, खोकला गेला. सासरी परतली, पुन्हा सुरू. पंचमीला आली, गेला. परतली, सुरू. भावजींनी यावरून ओळखलं की हे त्या खोलीचं काम आहे. विहीणबाईंनी यावरूनच ओळखलं की हे पोरीचं नाटक आहे.

"माहेरी गेली की ठणठणीत," त्या मला तोंडावर म्हणाल्या होत्या, "आन माझ्या चुलीपुढं बसली की दमा. कामाचा कंटाळा असा खोकून दाखवत्यात का? आम्ही न्हाई खाल्ला धूर? आम्ही न्हाई मेलो." हे सांगतानाही त्यांचे डोळे लाल होते आणि दोनदा थांबून त्या खाकरल्या होत्या. पण त्याला त्या खोकला म्हणत नसत. तो बाईच्या जातीचा घसा.

मग एके दिवशी दौलतरावांचा निरोप आला : सूनबाईला घेऊन जा, पुरती बरी झाली म्हंजे आणून सोडा. अशा निरोपाचा अर्थ आमच्याकडं लहान पोरालाही कळतो. 'पुरती बरी' कधी झाली हे ठरवणार ते, आणि तोवर घरात दुसरी सून यायला वेळ लागत नाही. भावजी जाऊन हात जोडून आले, पोरीला तिथंच ठेवून आले. "वरीसभराची सवड द्या, औषध करतो" असं काहीतरी व्याह्याला सांगितलं. पण कुठलं औषध करणार होते हे त्यांनाही माहीत नव्हतं.

आणि नेमकी तेव्हाच पंचायत समितीत निर्धूर चुलीची योजना आली.

जालना जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, नव्या कचेऱ्या, नवे साहेब, नव्या योजना. ही चूल मातीचीच, पण अंगानं बंद. पुढं जळण घालायला तोंड, वर दोन भांड्यांची जागा, मागं उभा पाइप, तो छतातून बाहेर, त्याच्या डोक्यावर टोपी. पाइप, टोपी आणि आतली जाळी सरकार देणार. माती, शेण, भुसा आणि थोडासा हिस्सा घरवाल्याचा. भावजींनी भोकरदनच्या बाजारात ती नमुन्याची चूल पेटवलेली पाहिली आणि तिथंच उकिडवे बसून राहिले. बाजार उठला तरी उठेनात. शेवटी तिथल्या शिपायानं विचारलं, "बाबा, तुमचं काय हरवलं का?"

पुढच्या आठवड्यात ते एक पाइप घेऊन एसटीत बसले. थेट लेकीच्या घरी. पाइप टपावर टाकायला तयार नाहीत, फुटंल म्हणून. दोन गुडघ्यांमध्ये उभा धरलेला. शेजारच्या बाईचं पोरगं सगळा रस्ताभर त्या पाइपात तोंड घालून ओरडत होतं. कंडक्टर म्हणाला, "याचं अर्धं तिकीट काढा." भावजींनी विचारलं, "पोराचं का पाइपाचं?"

दौलतरावांनी पाइप ओट्याच्या खालीच थांबवला.

"पाहुणे, हे काय?"

"चूल हाय. निर्धूर. शेवंताला..."

"माझ्या घरात चुलीची वाण हाय का?" दौलतराव आवाज चढवणारे नव्हते. तेच अवघड. "मुलीच्या बापानं चूल आणून द्यायची आन आम्ही त्यावर शिजवून खायचं? गाव काय म्हनंल? आन माझ्या माळवदाला भोक पाडायचं? उद्या पाणी गळंल ते कुणाच्या ताटात?"

भावजी पाइप घेऊन परत आले. येताना पाइपात पोर ओरडत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी झरोक्यातून आवाज आला, "वैनी, मी चूक केली. लेकीला चूल द्यायची न्हाई. गावाला द्यायची."

मला काही कळलं नाही. मी म्हटलं, "कुठल्या गावाला?"

"त्या समद्या गावाला. ज्याच्या त्याच्या घरात झाली म्हंजे दौलतरावाच्या घरात बी होईल. आन सरकारनं दिली म्हंजे बापानं दिली असं कोन म्हनंल? तुम्ही चला माझ्यासंगं."

"मी कशाला?"

"मला कोन चुलीपाशी जाऊ देईल?"

ही अडचण खरी होती. परक्या घरच्या स्वयंपाकघरात पुरुष कसा शिरणार? शिवाय गावोगाव चुली घालायचं काम पंचायत समितीच्या शिबिरात शिकलेल्यांनाच मिळायचं, आणि ते शिबीरही बायकांचंच होतं. आमच्या यांना विचारलं, तर हे म्हणाले, "जा. न्हाई तर तो माणूस भिंत पोखरून आपल्याच घरात पाइप काढील." मी गेले. भावजीही माझ्याबरोबर आत आले. शिकवायला आलेल्या बाई चांगल्या होत्या, पण म्हणाल्या, "काका, हे महिलांसाठी आहे."

"मी बसत न्हाई. उभाच राहतो. आन तोंड तिकडं करतो."

आणि खरंच, शिबीर संपेपर्यंत हा माणूस दारात बायकांकडं पाठ करून उभा. बाईंनी विचारलं, "पाइप छताच्या वर किती ठेवायचा?" दारातली पाठ बोलली, "कोंबडा चढून बसनार न्हाई इतका." बाईंनी फळ्याकडं वळून पदर तोंडाला लावला.

ती पाठ पुढं मला सगळ्या मुलखात पुरली. पद्धतच पडून गेली. मी आत, कोपरापर्यंत माती; भावजी बाहेर दाराशी, आतल्या लेकीसुनांकडं पाठ करून.

"वैनी, डाव्या अंगाला उतार द्या."

"तुम्हाला दिसतंय का?"

"दिसत न्हाई म्हून तर सांगू राह्यलो. दिसलं असतं तर तुमच्यावर भरवसा ठेवला असता."

जुनी चूल मोडायला बायका तयार नसत. हात लावला की डोळ्याला पदर. कुणाच्या सासूनं घातलेली, कुणाच्या आजेसासूनं. तेव्हा भावजींनीच एक रीत काढली. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईनं जुन्या चुलीतला विस्तव खापरीत घ्यायचा, परसात तीन दगड मांडून त्यावर जगवायचा, आणि नवी चूल वाळली की तोच तिच्यात न्यायचा. नवी चूल वाळायला आठ-पंधरा दिवस लागतात. तोवर त्या म्हाताऱ्या विस्तवाला बाळंतिणीसारखं जपायच्या. "आग तीच हाय, आक्का," भावजी पाठमोरेच सांगायचे. "नुसती खोली बदलली तिनं."

शंका फार. एकीनं विचारलं, धूर बाहेर गेला तर भाकरीला चव कशी येणार? दुसरी म्हणाली, धुरानं माळवदाच्या लाकडाला वाळवी लागत नाही, त्याचं काय? ही मात्र खरी गोष्ट होती. भावजींनी टोपी नीट बसवली. मग म्हणाले, "वाळवी लाकडाला लागंल का तुम्हाला, ते बघा." बाई घाबरून तयार झाली. असलं उत्तर शिबिरात शिकवलेलं नव्हतं.

आणि कुणी आभार मानायला लागलं की ठरलेलं वाक्य : "सरकारनं दिलंय. माझं काय बी न्हाई." दौलतरावांनी परत पाठवलेला पाइपसुद्धा असाच एका घरात गेला. तो भावजींच्या खर्चाचा होता, पण तोही सरकारचाच झाला.

आम्ही शेवंताच्या गावात काम धरलं ते गावाच्या पार दुसऱ्या टोकापासून. "दौलतरावाच्या घराकडं बघायचं बी न्हाई," भावजींनी बजावलं. "आपुन पलीकडून सुरू करू. चालत चालत चूल त्याच्या दारात जाईल." मला हसू आलं. पण एक एक घर करत आम्ही खरोखरच त्या ओट्याकडं सरकत होतो. वेशीपासून मारुतीपर्यंत एक उन्हाळा गेला.

गावात गेलो की ओट्यावर टेकावं लागायचंच, नाही तर पाहुण्याचा अपमान. दौलतराव पान लावत म्हणायचे, "काय पाहुणे, आज इकडं?"

"सरकारी काम."

"कुठवर आलं सरकार?"

"सुताराच्या घरापर्यंत."

"हं."

एवढंच. मग पाऊसपाणी, कापूस, बैलाचा खूर. लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही ही आमच्याकडची जुनी रीत, आणि भावजी ती पाळायचे. आपला फिरकीचा तांब्या पिशवीतून काढायचा, दोन घोट घ्यायचे, फिरकी लावायची. शेवंता डोक्यावर पदर घेऊन दारापर्यंत यायची, बापाला "कधी आलात, दादा?" म्हणायची, आणि सासऱ्यांच्या समोर दुसरं काय बोलणार, आत जायची. मी आत जाऊ शकत होते, म्हणून मला कळायचं की ती वाळत चाललीय. बाहेर आल्यावर भावजी काही विचारायचे नाहीत. बसमध्ये मात्र एकदम म्हणायचे, "सुताराचं झालं की चार घरं राहत्यात फक्त."

नाही म्हणायला मध्ये मोठा घोटाळाही झाला. मारुतीजवळच्या गयाबाईचा निरोप आला : तुमच्या सरकारला घेऊन जा, घरात उभं राहवत नाही. आम्ही धावलो. जाऊन बघतो तर काय, चुलीच्या तोंडातून भपाभप धूर, सगळं घर रस्त्यावर, आणि थोडं पुढं आपल्या ओट्यावर दौलतराव शांतपणे बघत बसलेले. भावजींच्या चेहऱ्याचा रंग गेला. हे घर बिघडलं तर पुढची चार घरं बिघडणार, आणि वर्षाची सवड संपत आलेली. ते शिडी लावून माळवदावर चढले. पाइपावर गाडगं पालथं घातलेलं होतं.

"गयाक्का, हे काय?"

"मंग? पावसाचं पाणी आत येऊ द्यायचं का?"

"पावसासाठी वर टोपी दिल्ती की."

"ती कोंबड्यायला पाणी पाजायला घेतली. चांगली खोलगट हाय."

भावजींनी गाडगं काढलं. धूर सरळ वर गेला. टोपी कोंबड्यांपुढून उचलून, धुऊन, जागेवर बसवली, आणि गयाबाईच्या कोंबड्यांसाठी दुसऱ्याच दिवशी भोकरदनहून एक कुंडी आली. सरकारची.

त्या संक्रांतीला गयाबाईनं मला हळदीकुंकवाला मुद्दाम बोलावलं. चूल मी घातलेली म्हणून मान माझा. तिनं स्वयंपाकघर चुन्यानं पांढरं केलं होतं. पितळेची भांडी मांडणीवर चकाकत होती, आणि बायका वाण लुटायचं सोडून आतच गर्दी करत होत्या. तेवढ्यात विहीणबाई आल्या. कुंकू लावून घेतलं, तिळगूळ घेतला. मग उठल्या, भिंतीपाशी गेल्या, आणि बोटानं भिंत पुसली. बोट उलटून पाहिलं. नंतर त्यांनी मान वर करून छताकडं बघितलं, अगदी भावजी बघतात तसं.

पुढं काय झालं ते शेवंतानं मला नंतर सांगितलं. विहीणबाई घरी गेल्या, पदर कमरेला खोचला, आणि दौलतरावांसमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "समद्या गावाला उजेड, आन माझ्याच घरात धूर. मी काय पाप केलं?" दौलतराव तीन दिवस ओट्यावर बसले नाहीत. चौथ्या दिवशी ग्रामसेवकाला पकडून म्हणाले, "सरकारची ही कुठली रीत? सुताराला दिलं, गयाबाईला दिलं, आन मलाच वगळलं. माझ्याशी काय वाकडं हाय सरकारचं?"

हा निरोप आला तेव्हा भावजी बैलाला पाणी दाखवत होते. ऐकलं आणि तिथंच चिखलात बसले. मी दारातून म्हटलं, "उठा, पिशवी भरा, सकाळची गाडी गाठू."

"बिलकुल न्हाई."

"आता काय?"

"सरकार इतकं जल्दी कधी येतं का? लगेच गेलो तर त्याला बराबर कळंल. चार दिवस जाऊ द्या."

ते चार दिवस त्या माणसानं कसे काढले ते मी भिंतीच्या अलीकडून ऐकलं. दिवसभर माती चाळत होते. आमच्या पांढरीची, गावठाणातली माती, दोनदा, तीनदा चाळलेली, पिठासारखी. ती पोत्यात भरली आणि पाचव्या दिवशी एसटीत आमच्या मधल्या सीटवर बसवली.

दौलतराव ओट्यावर उभेच होते. "पाहुणे, ही सरकारी चूल बरं का."

"सरकारीच."

"माझा हिस्सा मी ग्रामसेवकाकडं भरला."

"बराबर केलं."

"तुम्ही बसा. तुमचं आत काय काम न्हाई."

एवढ्या गावात एवढ्या दाराशी पाठ करून उभा राहिलेला माणूस त्या एका दाराशी उभा राहू शकत नव्हता. ओट्यावर बसला. मी एकटीच आत गेले. अंधारात हात घातला आणि खरं सांगते, पहिल्यांदा मला भीती वाटली. डावा उतार, उजवा उतार, कुणी काही सांगेना.

शेवंता माती मळायला बसली. दोन मुठी मळल्या, थांबली. माती बोटांत चोळून पाहिली. हळूच म्हणाली, "काकू, ही तर आपल्या गावची माती."

"सरकारी हाय," मी म्हटलं.

ती मळत राहिली. विहीणबाई दारातून म्हणाल्या, "माती कुठली का असंना, चिरू नये म्हंजे झालं." म्हणजे त्यांनाही कळलं होतं. माळवदाला भोक पाडताना दौलतराव स्वतः वर चढले, गवंड्याला पहारीनं किती मारायचं ते सांगायला. पाइपाभोवती चुना आणि माती त्यांनी आपल्या हातानं लिंपली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

चूल वाळल्यावर आम्ही पेटवायला गेलो. विहीणबाईंनी परसातला विस्तव खापरीत आणला, हळदकुंकू वाहिलं, दुधाचा थेंब टाकला, आणि विस्तव आत सरकवला. पऱ्हाटी पेटली. थोडा धूर तोंडाशी घुटमळला, माझा जीव खालीवर, आणि मग एकदम मागं ओढला गेला. बाहेरून दौलतरावांचा आवाज आला, "निघू राह्यला, पाहुणे. वर निघू राह्यला." पोरं रस्त्यावर पळत गेली. दौलतराव त्यांच्या मागोमाग गेले, ग्रामसेवकाला बोलवायला.

आत पहिल्यांदाच माणसांची तोंडं दिसत होती. शेवंतानं परातीत पीठ घेतलं, भाकरी थापली, तव्यावर टाकली. दुसऱ्या जागेवर वरणाचं पातेलं ठेवलं. विहीणबाई सहसा सून चुलीशी बसली की ओसरीवर निघून जायच्या. त्या दिवशी गेल्या नाहीत. बसून राहिल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "सरक जरा. मी एक टाकते." शेवंता सरकली. दोघी एका चुलीपुढं, आणि कुणाच्या तोंडाला पदर नाही.

मी हात धुवायला बाहेर आले. ओट्यावर भावजी एकटे होते. मान दाराकडं वळवलेली, कपाळाला आठ्या. मला वाटलं विचारतील, पाइप ओढतोय का, तोंडाशी काजळी धरते का, दोन्ही भांडी उकळतात का. सगळी उत्तरं मी तयार ठेवली होती.

"वैनी," ते म्हणाले, "शेवंता कुठं गेली?"

"जाती कुठं? आतच हाय. भाकरी करू राह्यली."

"न्हाई, मघापासून ऐकू राह्यलो. काईच येईना."

मला क्षणभर कळलं नाही, आणि मग कळलं. इतके दिवस या ओट्यावर बसून लेकीचं तेवढंच त्यांच्यापर्यंत यायचं. खोकला जवळून आला की ती चुलीशी, दुरून आला की परसात, धापेसह आला की पाण्याची घागर उचललेली. कापसाच्या आणि बैलाच्या खुराच्या गोष्टी ते दौलतरावांशी बोलायचे, आणि कान तिच्या मागोमाग घरभर हिंडायचा. आता घर गप्प झालं होतं. त्यांनीच केलं होतं.

मी परत आत गेले. शेवंताला म्हटलं, "जरा मोठ्यानं बोल गं. तुझे दादा बाहेर बसलेत."

ती गोंधळली. "काय बोलू?"

"काई बी बोल."

तिनं सासूकडं पाहिलं. सुनेला मोठ्यानं बोलायची सवय कुठली. विहीणबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली, तिच्याकडं न बघता म्हणाल्या, "बोल की. घरात कोन झोपलंय?"

शेवंतानं पदर सावरला, जरा घसा मोकळा केला, आणि साऱ्या घराला, ओट्याला, रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आत्याबाई, वरणात मीठ घालू का आता?"